भिंतीवरून चालणारा तरस

मी एक जुना तरस आहे, पेंढा भरलेला. प्राणिसंग्रहालयाच्या पिंजऱ्यात म्हातारपणाने माझा जीव गेला आणि निसर्ग-इतिहासाच्या संग्रहालयाने माझं कातडं मागून नेलं. तिथल्या कारागिराने लाकडी सांगाड्यावर तार गुंडाळली, पेंढा ठासला आणि मला चालत्या पवित्र्यात उभं केलं. त्याची बायको डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, "अहो, बसवा की त्याला! जन्मभर उभं राहून पाय मोडतील बिचाऱ्याचे."

"पिंजऱ्यात कधी बसलेला पाहिलास का याला?" कारागीर म्हणाला. "घडीभर चैन नसायची."

मित्रांनो, ती चैन मेल्यावरही पडली नाही.

माझ्या शेजारच्या कपाटात वाघ होता. शाळांच्या सहली यायच्या, तासभर वाघापाशी रेंगाळायच्या. माझ्यापुढे आल्यावर कुणीतरी नाक मुरडायचं, "ई, हा कोण?" बाई सांगायच्या, "तरस. मेलेलं खातो. चला पुढे." एकदाच एक प्राध्यापक विद्यार्थ्यांना म्हणाले, "याच्यामुळे जंगल स्वच्छ राहतं." त्या दिवशी मी फुगलो होतो, आणि तेही पेंढ्यामुळे नव्हे!

पुढे दालनाचं छत गळू लागलं. माझ्या पाठीला ओल आली, मानेत कसरीची कीड शिरली, केसांचे पुंजके गळू लागले. दालनाचे पहारेकरी, सगळे त्यांना मामा म्हणत, रोज काच पुसायचे, पण बाहेरूनच. कपाटाची किल्ली कधीच हरवली होती.

अशात एक चित्रकार बाई येऊ लागली. कोपरापर्यंत रंगाचे डाग, काखेत मोठी वही. शहरातल्या उड्डाणपुलाखालची लांब भिंत रंगवायचं काम तिला मिळालं होतं. ती वाघाला ओलांडून थेट माझ्यापुढे फतकल मारून बसली.

मामा कळवळून म्हणाले, "ताई, वाघ काढा हो. याला कोण बघणार?"

"वाघ सगळेच काढतात, मामा. मला याची चाल हवी आहे."

दोन महिने ती येत राहिली. माझे खांदे, माझी उतरती पाठ, पुन्हा खांदे. इतकं निरखून मला जिवंतपणीही कुणी पाहिलं नव्हतं. मग तिचं येणं थांबलं. भिंतीवर मी उतरलो की नाही, हे कळायला मार्गच नव्हता. मी झुरू लागलो.

एके सकाळी एका साहेबाने काचेवर लाल चिठ्ठी डकवली. तिच्यावर काय लिहिलं आहे ते आतून दिसेना. दुसऱ्या दिवशी कुलूप तोडून मला बाहेर काढलं, चादरीत गुंडाळलं आणि टेम्पोत चढवलं. मामा तोंड फिरवून उभे होते.

पहिल्याच वळणावर चादर घसरली आणि मला शहर दिसलं. एका दाराच्या कमानीवर दगडी घुबडं कोरलेली होती. पाण्याच्या टाकीवर रंगीत फरश्यांच्या तुकड्यांचे मासे पोहत होते. चौकातल्या पुतळ्याचा घोडा उधळला होता आणि त्याच्या खुराखाली उभा राहून एक माणूस फोनवर भांडत होता. वर कुणीच बघत नव्हतं!

पुलाखाली टेम्पो गर्दीत अडकला. समोरच्या भिंतीवर मी होतो. एकदा नव्हे, चाळीस वेळा. दर चित्रात एक पाऊल पुढे. आणि शेवटच्या चित्रापाशी, शिडीवर, ती होती.

तिने वळून पाहिलं आणि हातातल्या ब्रशसकट उडीच मारली. "अहो, थांबा! याला कुठे नेताय?"

"भंगारात," चालक म्हणाला. "कसर लागलीय म्हणे. मला काय करायचंय, ताई? सांगितलं तिकडे टाकायचं."

तिने तिथूनच संग्रहालयाच्या प्रमुख बाईंना फोन लावला. त्यांचंही खोटं नव्हतं. "त्याची कसर वाघाला लागेल, हरणांना लागेल. आणि संस्थेची वस्तू मी कुणा एका माणसाला देऊ शकत नाही."

"मी शिकवते त्या चित्रशाळेला द्याल?"

मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. "पत्र आणा," शेवटी आवाज आला. "दोन दिवसांत."

ते दोन दिवस मी टेम्पोवाल्याच्या पडवीत काढले, मित्रांनो, आणि प्रत्येक मिनिट मोजलं. तिसऱ्या दिवशी पत्रावर सही झाली. औषधाच्या धुरीने कसर मेली. मानेवरचे केस मात्र परत आले नाहीत.

आता मी चित्रशाळेच्या खोलीत आहे. मुलं माझ्याभोवती गोल करून बसतात आणि माझी चित्रं काढतात. कुणी नाक मुरडत नाही. तरीही माझा जीव थाऱ्यावर नाही. पुलाखालच्या भिंतीवर लोक जाहिराती चिकटवतात. ताई दर रविवारी बादली घेऊन कागद खरवडायला जाते. परवा ती गेली तेव्हा एक बाई आधीच नखाने कागद सोलत होती.

ताईने विचारलं, "तुम्ही कोण?"

"कुणी नाही. रोज इथूनच कामावर जाते. हा सोबत चालतो ना माझ्या."

ताईने हे सांगितल्यापासून मला वाटतं, उठावं आणि जाऊन बघावं. पण मला जाता येत नाही. तुमच्या वाटेवरही अशी एखादी भिंत असेल, कमानीवरचं घुबड असेल. मान वर करा. कागद दिसला तर सोला. आणि पुलाखालून गेलात, तर तेवढं बघून याल का, मी अजून चालतो आहे ना?