चालेल म्हणजे चालेल

मॅनेजरसाहेबांची अख्खी कारकीर्द एका शब्दावर उभी होती. तो शब्द म्हणजे ‘चालेल’.

संघाचे ट्रॅकसूट एक माप लहान आले. चालेल. हॉटेलात तिघींच्या खोलीत दोनच पलंग निघाले. चालेल. चारशे मीटरच्या पोरीला दहा वर्षं घडवणाऱ्या कोचचं नाव यादीतून गळलं आणि त्यांच्या जागी साहेबांचे साडू ‘तांत्रिक सल्लागार’ म्हणून विमानात बसले. तेही चाललं. साडूंना तंत्रातलं इतकंच कळत होतं, की खिडकीजवळची जागा आधी सांगून ठेवावी लागते.

फिजिओबाईंना पहिले दोन दिवस याचं हसू यायचं. हाडांच्या दवाखान्यात बावीस वर्षं लोकांना पुन्हा उभं करण्यात गेलेली बाई. चालणं हा त्यांच्या पोटापाण्याचा विषय. मंगळवारी मात्र त्यांना स्वतःलाच त्या शब्दाची गरज पडली, आणि गरजवंताला अक्कल नसते.

मंगळवारी सकाळी पहिली फेरी झाली. मैदानाला एकच चक्कर, पण पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत जीव तोडून. चारशे मीटरवाली टिटवी दुसरी आली, पुढच्या फेरीत गेली आणि उजवी नडगी धरून खाली बसली.

टिटवी हे नाव तिच्या आईने ठेवलेलं. लहानपणी ती भिंतीला पाय उभे लावून झोपायची. टिटवी म्हणे पाय वर करूनच झोपते, आभाळ कोसळलं तर झेलता यावं म्हणून. आता सव्वीस वर्षांची झाली तरी धावून आली की ती तशीच पडायची, आणि बाई म्हणायच्या, “धर गं बाई, नीट धर. तुझ्या भरवशावर जगतोय आम्ही सगळे.”

टिटवी ओरडली की कुणाचं तरी वाईट होतं, असंही म्हणतात. ते आईने सांगितलं नव्हतं. ते संघातल्या भालाफेकवालीने सांगितलं, नाश्त्याच्या टेबलावर, तोंडात घास असताना.

स्पर्धेच्या दवाखान्यात एक्स-रे काढून मिळाला. अर्थ ज्याचा त्याने लावायचा. बाईंनी तो हॉटेलच्या खिडकीवर धरला. नडगीच्या हाडाला पुढच्या बाजूने एक आडवी काळी रेघ होती. केसाएवढी. बाईंनी आधी काच पुसली, मग एक्स-रे पुसला. रेघ तिथेच.

तशी रेघ बावीस वर्षांत त्यांनी तीनदा पाहिली होती. तिघांपैकी दोघांचं हाड पुढे काडीसारखं मोडलं. तिसरा ऐकणारा होता.

त्यांनी एक्स-रेचा फोटो आपल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना पाठवला. खाली लिहिलं, ‘सर, कुबड्या द्यायच्या का?’ मग लिफ्टमध्ये शिरता शिरता आणखी एक ओळ पाठवली, ‘आणि गुरुवारी उपांत्य फेरी आहे, धावू द्यायचं का?’ तासाभराने डॉक्टरांचा आवाज आला. मागे स्ट्रेचरची चाकं खडखडत होती. “पाहिला हो फोटो. रेघ आहे. घाबरू नका, चालेल. आल्यावर दाखवा.”

बाईंनी तो निरोप तीनदा ऐकला. एकदा कानाने, दोनदा मनाने.

आपला शब्द एका डॉक्टरच्या तोंडी ऐकून मॅनेजरसाहेबांना हरवलेला भाऊ भेटल्यासारखं झालं. “बघा! मी काय म्हणत होतो?” त्यांनी तो लगेच कागदावर उतरवला. वैद्यकीय मत: चालेल. खाली सही, सहीवर शिक्का. शिक्का ते प्रवासात बरोबर ठेवत, मोज्यांच्या जोडीत गुंडाळून.

बुधवारी बाईंनी आपल्या समाधानासाठी एक चाचणी केली. वाद्याचा सूर लावायला वापरतात तो दोन पायांचा पोलादी काटा त्यांच्या पेटीत असे. तो टेबलाच्या कडेवर वाजवायचा आणि थरथरता देठ हाडावर टेकवायचा. हाड चिरलेलं असेल तर माणूस किंचाळतो. काटा गुणगुणत नडगीवर टेकला. टिटवी हसली.

“काही नाही ना?” बाईंनी विचारलं.

“नाही.”

काट्याची गुणगुण खोलीत जरा जास्तच वेळ रेंगाळली, असं त्यांना वाटलं. त्यांनी तो मुठीत धरून गप्प केला.

गुरुवारी टिटवी उपांत्य फेरीत चौथी आली, आणि वेळेच्या जोरावर अंतिम आठांतली आठवी ठरली. आठवीला आठवी लेन. सगळ्यात बाहेरची. वळणाचा फरक भरून काढायला तिथल्या मुलीला सगळ्यांच्या पुढे उभं करतात, म्हणून बघणाऱ्याला वाटतं, ही तर जिंकतेच आहे. प्रत्यक्षात तिला समोर कुणी दिसत नाही. सातजणी मागून येत असतात. त्यांची फक्त पावलं ऐकू येतात.

शनिवारी दुपारी तीन वाजता बाईंनी डॉक्टरांना फोन लावला. कशासाठी, असं कुणी विचारलं असतं तर म्हणाल्या असत्या, सहज. सहज फोन करणारा माणूस आधी तीनदा हात धूत नाही.

“आज फायनल आहे सर. संध्याकाळी.”

“वा! कुणाची?”

“कुणाची म्हणजे? आपल्या मुलीची. रेघवालीची.”

पलीकडे खडखडणारी स्ट्रेचरची चाकं थांबली. 

“ती धावतेय?”

“तुम्हीच म्हणालात ना, चालेल.”

“अहो, चालेल म्हणजे चालेल! पायांनी! कुबड्या द्यायच्या का, असं विचारलं होतंत तुम्ही. मी म्हटलं, नकोत, चालेल ती. धावायचं कुणी काढलं?”

“मी खाली विचारलं होतं सर…”

“काही विचारलं नव्हतंत. बाई, ऐका. ते हाड कुठल्याही पावलाला जाईल. थांबवा तिला.”

बाईंनी मेसेज उघडला. दुसऱ्या ओळीशेजारी अजून न गेल्याचं चिमुकलं घड्याळ होतं. लिफ्टचं दार लागलं तेव्हापासून ते तसंच ताटकळत होतं. चार दिवस.

मॅनेजरसाहेब प्रेक्षागाराखालच्या बोळात सापडले. साडूंच्या गळ्यातलं ओळखपत्र उलटं झालं होतं, ते सरळ करत होते.

“साहेब, तिचं नाव मागे घ्या. गैरसमज झालाय. डॉक्टर नाही म्हणतात.”

“आपल्याकडे ‘चालेल’ आहे. शिक्क्यासकट.”

“चालेल म्हणजे चालता येईल असं म्हणायचं होतं त्यांना!”

साहेबांनी चष्मा काढला. व्याकरणाच्या वाटेला जायची वेळ त्यांच्यावर नोकरीत प्रथमच आली होती. “बाई, माघार घ्यायची तर कागद लागतो. आधीचा कागद चुकला म्हणायचं तर तो चुकल्याचाही कागद लागतो. आणि त्यावर सही कुणाची? तर ज्याने चूक केली त्याची. निरोप कुणी आणला होता?”

बाईंचा हात खिशातल्या फोनवर गेला.

“तेच म्हणतो मी,” साहेब मायेने म्हणाले. “एक्कावन्न सेकंदांचा तर प्रश्न आहे. एक्कावन्न सेकंदांत इथली लिफ्टसुद्धा येत नाही.”

“अगदी,” तांत्रिक सल्लागार म्हणाले.

सरावाच्या मैदानाच्या कडेला सामानाची लोखंडी खोली होती. तिच्या भिंतीला पाय उभे लावून टिटवी चटईवर पडली होती. उजव्या पायाचा मोजा खाली घसरला होता. बाहेरून नडगी इतकी साधी दिसत होती, की बाईंना क्षणभर सगळंच खोटं वाटलं. त्या शेजारी बसल्या आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. लिफ्ट, घड्याळ, डॉक्टर, सगळं.

टिटवी आभाळाकडे बघत ऐकत राहिली.

“मला माहीत होतं, मावशी.”

“काय माहीत होतं?”

“पाय माझा आहे ना. तू तो काटा लावलास तेव्हा मी हसले, आठवतं? इतकं दुखलं की हसूच आलं.”

“मग बोलली का नाहीस, कार्टे?”

“तू विचारलंस कुठे? तू म्हणालीस, ‘काही नाही ना?’ ‘काही नाही ना’ला ‘नाही’ म्हणणं सोपं असतं. तुलाही तेच हवं होतं.”

बाईंच्या बावीस वर्षांत एकाही पेशंटने त्यांची इतकी अचूक तपासणी केली नव्हती.

“मोडलं तर पुन्हा कधी धावणार नाहीस तू.”

“आणि आज नाही धावले तर?” टिटवीने पाय खाली घेतले, मोजा वर ओढला. “सव्वीस पूर्ण झाली मला. पुढची स्पर्धा चार वर्षांनी. माझ्या आईचे दोन्ही पाय धडधाकट आहेत, मावशी. एक दिवस नडगी दुखली नाही तिची. कुठे गेली ती? स्वयंपाकघरातून अंगणात.”

भोंग्यावरून चारशे मीटरवाल्यांना पुकारलं. आत जायचं, फोन जमा करायचे, मग शर्यतीपर्यंत बाहेरच्या कुणाशी बोलायचं नाही.

“तो समोर आयोजकांच्या डॉक्टरांचा तंबू आहे,” टिटवी बूट उचलत म्हणाली. “सांगायचं तर जाऊन सांग. एका मिनिटात थांबवतील मला. पण मग तोंड दाखवू नकोस.”

ती निघाली. बाईही निघाल्या, तंबूकडे. तीसएक पावलांवर होता. आत पांढरा डगला घातलेली बाई कागदी पेल्यातून काहीतरी पीत बसलेली स्पष्ट दिसत होती. मोकळीच होती. बारा पावलं झाली आणि बाई बुटाची नाडी बांधायला खाली वाकल्या.

नाडी सुटलेली नव्हती. त्यांनी ती आधी सोडली, मग बांधली. दुहेरी गाठ मारली. वर बघितलं तेव्हा आठही मुली आत गेल्या होत्या आणि दार लागलं होतं.

संध्याकाळचं ऊन पडलं होतं, त्यात मैदानावरच्या पांढऱ्या रेघा लखलखत होत्या. बाई शेवटच्या वळणाच्या कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. पिस्तूल वाजायच्या आधी हजारो माणसं एकदम गप्प होतात. ती शांतता त्यांनी टीव्हीवर अनेकदा ऐकली होती. टीव्हीवर तिला वास नसतो. इथे तापलेल्या रबराचा होता.

पिस्तूल वाजलं. बाई दचकल्या, आणि तो आवाज पिस्तुलाचाच होता याची त्यांनी पायाकडे बघून खात्री करून घेतली.

टिटवी सुटली होती. पहिलं वळण तिने असं कापलं, की आजूबाजूचे परके लोकसुद्धा “ओ” म्हणाले. समोरच्या सरळ पट्ट्यावर ती अजून पुढेच होती. बाई तिचा चेहरा बघत नव्हत्या, घड्याळ बघत नव्हत्या. फक्त उजवा पाय. टेकला, उचलला. टेकला, उचलला. बाईंचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होत्या असं कुणाला वाटलं असतं, पण त्या पावलं मोजत होत्या. दुसऱ्या वळणात आतल्या लेनमधल्या मुली एकेक करून तिच्या जवळ येऊ लागल्या. समोरून गेली तेव्हा बाईंना तिचा श्वास ऐकू आला. मागून सातजणींची पावलं येत होती, आणि त्यांत टिटवीचं एक जरी पाऊल वेगळं वाजलं असतं तरी बाईंना कळलं असतं. एकही वाजलं नाही.

शेवटच्या पट्ट्यात दोघी तिला ओलांडून गेल्या. तिसरी गेली नाही. वीतभर फरकाने टिटवीने रेघ ओलांडली आणि फलकावर तिच्या नावापुढे तीनचा आकडा लागला.

“बघा!” कुठून तरी साहेब उगवले होते. त्यांनी साडूंना मिठी मारली, साडूंनी त्यांना. “बघा बाई! तुम्ही उगाच! चाललं की नाही?”

बाईंचे डोळे अजून पायावरच होते. टिटवी वेग कमी करत होती. लांब ढांगा आखूड झाल्या. उड्या उरल्या, मग त्याही थांबल्या. तिने कमरेवर हात ठेवले, मान वळवून फलक वाचला, बाईंच्या दिशेने हात केला. आणि पहिल्यांदाच, धावायचं सोडून, एक साधं पाऊल टाकलं. चालण्याचं.

तो आवाज बाईंना त्या सगळ्या गदारोळात ऐकू आला. सुकी काडी. तिसरी.

कठडा त्यांनी कसा ओलांडला हे त्यांना नंतर सांगता आलं नसतं. पोचल्या तेव्हा टिटवी उताणी पडली होती. ओरडत नव्हती. डावा पाय तिने सवयीने वर उचलून धरला होता, आभाळाकडे. उजव्या पायाला गुडघ्याखाली एक नवा सांधा आला होता. बाईंनी तो दोन्ही हातांत धरला, आणि हातांनी आपणहून, बावीस वर्षांच्या सवयीने, तो सरळ रेषेत ठेवला.

“तिसरी आले ना, मावशी?” टिटवीचे दात वाजत होते.

“तिसरी.”

मागून धापा टाकत साहेब आले. त्यांच्याबरोबर एक स्वयंसेवक होता, आणि त्याच्या हातात घडीची चाकाची खुर्ची. साहेबांचा चेहरा उतरला होता, पण आवाज अजून कार्यालयीन होता.

“स्ट्रेचर पलीकडच्या टोकाला अडकलंय, वेळ लागेल म्हणतात. ही खुर्ची आहे. चालेल ना?”

चार दिवस अडकून राहिलेला शब्द बाईंच्या तोंडून सुटला. एवढ्या मोठ्याने त्या आयुष्यात कुणावर ओरडल्या नव्हत्या.

“नाही! नाही चालणार!”

खुर्ची थांबली. साहेब थांबले. बाईंना हातातल्या पायात एक थरथर जाणवली. काटा टेकवल्यावर जाणवते तशी, बारीक. त्यांनी मान वळवली.

टिटवी त्यांच्याकडे बघत होती. खुर्ची तिने पाहिली नव्हती; ती तिच्या डोक्यामागे होती. गदारोळात साहेबांचा प्रश्नही तिला ऐकू आला नव्हता; तिने फक्त उत्तर ऐकलं होतं.

“अगं, खुर्ची…” बाई म्हणाल्या. “मी खुर्चीचं म्हणतेय.”

वर धरलेला डावा पाय टिटवीने हळूहळू खाली आणला आणि जमिनीवर ठेवून दिला.