संदर्भसूचीतली पहिली ओळ

"संदर्भ लिहितानाच टिपून ठेवा. शेवटी शोधायला बसलात तर जीव मेटाकुटीला येईल," असं निबंधलेखनाच्या मॅडमनी पहिल्याच तासाला बजावलं होतं. मी मान डोलावली आणि बाळाची पुढची लस कधी, या विचारात बुडाले. संदर्भांचं काय मोठंसं, शेवटी टाकता येतात.

बाळंतपणात पदवीचा हा एकच विषय मागे राहिला होता. निबंधासाठी मी तान्ह्या बाळाचं रडणं हा विषय घेतला, कारण घरात दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. समास नीट, ओळींत दुप्पट अंतर, पानाचा आकडा उजव्या कोपऱ्यात. बाळ झोपलं की टाइप करायचं, मधेच उठून त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघायचं, पुन्हा टाइप करायचं.

सोमवारी निबंध परत आला. एका वाक्याखाली लाल रेघ होती: 'पोटात कळ येऊन बाळ रडत असल्यास त्याला हातावर पालथे धरावे व डोके कोपराच्या खोबणीत टेकवावे, असे अनुभवी लोक सांगतात.' शेजारी मॅडमचं अक्षर: 'कोण लोक? शुक्रवारपर्यंत सांगा, नाहीतर निबंध ग्राह्य नाही.'

तोंडी ऐकलेलंही मॅडमना चालायचं, पण त्यांचा नियम असा की सांगणाऱ्या माणसाला आपलं वाक्य वाचून दाखवायचं आणि त्याने 'हो, माझंच' म्हटलं तरच त्याचं नाव घालायचं.

मला हे थोरल्या जाऊबाईंनी शिकवलं होतं. फोन लावून मी वाक्य वाचलं.

"अगबाई, इतकं छापील मी कधी बोलले? पालथं टाक हातावर, गप्प होतं कार्टं, असं म्हटलं होतं मी."

"अर्थ तोच ना, वहिनी?"

"अर्थ तोच, पण माझा नाही गं. आमच्या खाली कपडे शिवणाऱ्या काकू राहतात ना, त्यांनी माझ्या थोरल्याला असं धरलं होतं. उगाच माझ्या गळ्यात हार नको."

काकूंनी फोन उचलला तेव्हा मशीन चालू होतं. "थांब, तोंडात टाचण्या आहेत." मग वाक्य ऐकून हसल्या. "माझं कसलं! मी बाळंतीण होते तेव्हा वॉर्डातल्या सिस्टरांनी दाखवलं. आता निवृत्त झाल्यात. नंबर देते, पण ओरडून बोल, कमी ऐकू येतं."

मी ओरडून वाचलं आणि बाळ दचकून उठलं.

"रडतंय ना ते?" सिस्टर म्हणाल्या. "आधी त्याला घे. फोन काही पळून जात नाही."

मी त्याला हातावर पालथं घेतलं. दोन उचक्या देऊन ते शांत झालं. तसंच धरून मी वाक्य पुन्हा वाचलं.

"डोकं पोटापेक्षा जरा वर हवं, ते लिहिलं नाहीस."

"लिहिते. मग हे तुमचंच ना?"

"नाही, बाळा. मी नवीन होते. सगळा वॉर्ड एका सुरात रडत होता आणि मला काही सुचेना. खिडकीशेजारच्या खाटेवर एक बाई होती, तिचं स्वतःचं मूल वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत. ती उठली, शेजारणीचं लेकरू घेतलं, असं हातावर धरलं. ते गप्प झाल्यावर पुढचं घेतलं. मी नुसती बघत उभी. दुसऱ्या दिवशी आले तर खाट रिकामी. नाव विचारायचं राहिलंच. मग नोकरीभर जी आई दिसेल तिला तेच दाखवत आले."

जिचं मूल तिच्या हातात नव्हतं, तिची ती पकड एका बाईकडून दुसरीकडे जात माझ्या कोपरापर्यंत आली होती. मधे कुठे कागदाचा चिटोरा नव्हता. माझा हात मला माझा एकटीचा वाटेना.

मॅडम म्हणाल्या, "नाव माहीत नसेल तर 'अनामिक' लिहा, आणि कुणाकडून कळलं ते त्यापुढे."

सूची अकारविल्हे लावायची होती. मी संगणकावरची कळ दाबली. डॉक्टरांची जाडजूड पुस्तकं मुकाट्याने खाली सरकली आणि सगळ्यांच्या वर ती उभी राहिली: 'अनामिक, खिडकीशेजारच्या खाटेवरील आई.' डॉक्टरांचं होतं तेच अक्षर, तेवढंच माप.

"बघ ना," मी नवऱ्याला हलक्या आवाजात म्हटलं. त्या पानासमोर मोठ्याने बोलवेना.

त्याने वाकून पाहिलं. "बरोबर आहे की. अ पहिलाच येतो."

निबंध मंजूर झाला. त्या वाक्यापाशी मॅडमनी फक्त एक बारीक खूण केली.

सिस्टरांनी मागितलं होतं, "ते पान मोठ्या अक्षरात पाठव, मला वाचायचंय." मी पाठवलं. तेव्हापासून त्यांचा फोन नुसता वाजतो, कुणी उचलत नाही. काकूंचा पाय मुरगळलाय, मी बाळाला घेऊन इतक्या लांब आहे. नदीपलीकडे, जुन्या दवाखान्यामागच्या पिवळ्या इमारतीत सगळ्यात वर सिस्टर एकट्या राहतात. त्या बाजूला राहत असाल तर एकदा बघून याल का? बेल त्यांना ऐकू येत नाही. दारावर जोरात थाप मारा.