चुन्याच्या हाडांचा पिसतारा

मी एक जुना पिसतारा आहे. संग्रहालयात आम्हा पिसताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या बाई गेल्याचे कळले त्या दिवशी मी त्यांच्या टेबलावर, काचेच्या बरणीत, स्पिरिटमध्ये होतो. सकाळी खोली उघडली ती त्यांच्या यजमानांनी. ते याच संग्रहालयात माशांचे दालन सांभाळत. त्यांनी खुर्चीवरचा बाईंचा एप्रन उचलला, घडी घातली, मग घडी मोडून पुन्हा होता तसा टाकला. दारातल्या शिपायाला म्हणाले, "बाई आता येणार नाहीत."

मित्रांनो, पिसतारा म्हणजे तारामाशाचा चुलत भाऊ. लहानपणी मी देठावर उभा होतो. मोठा झालो तसा देठ सोडला आणि पोटाखालच्या आकड्यांनी खडक धरून राहिलो. मधे बटणाएवढे अंग, भोवती हात, प्रत्येक हाताला दोन्हीकडून बारीक पिसे. ती पसरून पाण्यातले कण टिपायचे आणि तोंडाकडे सारायचे, एवढाच माझा उद्योग. आतली हाडे मात्र चुन्याची.

खोल समुद्रात जाळ्यात सापडलो तेव्हा मला एका प्रजातीत घातले. प्रजाती म्हणजे आमचे आडनाव समजा. बाईंना ते पटले नाही. आमच्या तोंडाजवळच्या पिसांना टोकाशी कंगवे असतात. त्या प्रजातीत कंगव्याला दातांची एक रांग, मला दोन. "हा या घरातला नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी माझे हात, आकडे, सगळे कागदावर काढले. कंगवे तेवढे दवाखान्यातून परत आल्यावर काढणार होत्या.

यजमान एकदा बरणी उचलू लागले तेव्हा त्या हसल्या होत्या. "अहो, स्वयंपाकघर तुमचं. माझ्या बरण्यांना हात लावायचा नाही." का, ते यजमानांनी विचारले नाही.

बाई गेल्यावर खोलीला कुलूप लागले. पुष्कळ दिवसांनी यजमानांनी ते काढले, तर माझे स्पिरिट उडून तळाला गेले होते. ते घाबरले. धावत जाऊन माशांच्या दालनातले जुने फॉर्मॅलिन आणले आणि बरणी काठोकाठ भरली. मग रोज येऊ लागले. काच पुसत, जवळ बसत. एकट्यापुरता भात जमत नाही, उरतोच, असे काहीबाही मला सांगत.

आणि मी आतून विरघळत होतो.

बाईंचे काम पुरे करायला त्यांची विद्यार्थिनी आली. तिने मला सूक्ष्मदर्शकाखाली धरले. कंगवे मऊ पडले होते. दात नव्हते.

"काका, यात काय घातलं होतं?"

"फॉर्मॅलिन. माझे मासे बघ, कसे राहिलेत."

"माशांना चालतं. पण जुनं फॉर्मॅलिन आम्लासारखं होतं, याचा चुना विरघळून गेला त्यात."

ते स्टुलावर बसले. "म्हणजे तिचं चुकलं असं म्हणतील?"

"बाईंचं बरोबरच असेल, काका. पण दाखवायला काही उरलं नाही."

मित्रांनो, त्यांना बोल लावू नका. माझी इतकी काळजी दुसऱ्या कुणी घेतली नव्हती. पण ज्याची काळजी घ्यायची, तो कशाचा बनला आहे हे आधी विचारावे. ज्या माणसाला विचारायचे, ते असेपर्यंत विचारावे.

आता मी पुन्हा स्पिरिटमध्ये आहे, जुन्याच आडनावाखाली. बाईंचे म्हणणे सिद्ध करायचे तर त्याच खोल पाण्यातून माझ्यासारखा दुसरा पिसतारा आणावा लागेल. तो अजून कोणी आणलेला नाही.