पाच दोरांचा दाखला

मंडळी, दोरांच्या त्या कारखान्याचा मालक असा चिक्कू, की शिंक आली तर अर्धी उद्यासाठी ठेवायचा. उंच इमारती रंगवणारे ज्या दोराला लटकतात, तो दोर तिथे वळला जाई. दोराची ताकद कळायची तर तो यंत्रावर ताणून तोडावाच लागतो. म्हणून हजार दोरांच्या खेपेतून फक्त पाच तोडायचे, असा मालकाचा दंडक.

लेबलावर ताकद पंधराशे किलो. या खेपेचे पाच दोर तुटले ते १४८०, १३००, १५१०, १३५० आणि १४६० किलोंना. सरासरी १४२०, म्हणजे तूट ऐंशीची. कारखान्याचा तपासनीस गणिताचा पक्का. दोरादोरांतल्या फरकावरून त्याने ही सरासरी किती हुकू शकते ते काढलं, ते चाळीस किलोंच्या किंचित वर. तुटीला त्या आकड्याने भागलं. उत्तर १.९८. पाच नमुन्यांसाठी कोष्टकातली हद्द २.१३. हद्द ओलांडली नाही, म्हणजे तूट निव्वळ योगायोगाचीही असू शकते. त्याने लिहिलं, ‘दोष नाही’. सही ठोकली आणि डबा खायला गेला.

महिन्याभराने, एका संध्याकाळी, त्याचा मेहुणा दारात उभा राहिला. रंगारी होता तो. चपलाही न काढता म्हणाला, “दाजी, माझा जोडीदार पडला. सातव्या मजल्यावरून. दोर तुटला.”

“जिवंत आहे ना?”

“आहे. कमरेखालचं काही कळत नाही त्याला. मुकादम म्हणतो, कागद स्वच्छ आहे, उद्या नऊला सगळे चढा. कागदावर सही तुमची.”

तपासनीसाने गणित मांडून दाखवलं. मेहुणा सगळं ऐकून घेऊन म्हणाला, “म्हणजे दोष सापडला नाही.”

“तेच लिहिलंय.”

“नाही दाजी. तुम्ही लिहिलंय, दोष नाही. ताईची कानातली कुडी हरवली आणि तुम्ही एकाच खोलीत शोधलीत, तर घरात कुडी नाही म्हणाल?”

“अरे, पाचात यापेक्षा जास्त कळतच नाही!”

“मग तेवढं तरी लिहायचं होतंत.”

आतून बायको म्हणाली, “हा उद्या चढणार आहे. ऐकू येतंय ना तुम्हाला?”

त्या रात्री कोणी जेवलं नाही.

सकाळी सहाला तपासनीसाने गोदामात उरलेले त्याच खेपेतले आणखी पंधरा दोर, कुणालाही न विचारता, यंत्रावर चढवले. वीस दोरांची सरासरी १४२५. तूट जवळजवळ तेवढीच, पण आता उत्तर ३.७ आलं आणि वीस नमुन्यांसाठी हद्द होती १.७३. शंकेला जागाच उरली नाही. त्याने मुकादमाला फोन केला, “माझी सही मागे घेतो. कुणालाही चढवू नका.”

दुपारी मालकाने विचारलं, “पंधरा दोर कुणाच्या परवानगीने तोडलेत?”

“साहेब, पाचांवर थांबलो, तीच चूक झाली.”

त्याला घरी बसवण्यात आलं. खेप मात्र परत आली. रंगारी नव्या दोरांवर चढले, मेहुणाही.

तर मंडळी, थोडं पाहून काही सापडलं नाही, तर ‘काही नाही’ असं लिहू नका. ‘थोडंच पाहिलं’ असं लिहा, आणि कुणाचा जीव टांगलेला असेल तर आणखी पाहा. हेच तपासनीस मेहुण्याच्या जोडीदाराच्या खाटेशी बसून म्हणाला. जोडीदाराने ऐकून घेतलं, आणि पाय जरा सरळ करून द्यायला सांगितलं.