कोरी कॅसेट

कुसाबे मोरिओ या जपानी दिग्दर्शकाने उभ्या आयुष्यात अकरा चित्रपट काढले आणि त्यातला एकही धड चालला नाही. त्यातले दहा माझ्याकडे व्हिडिओ कॅसेटवर होते. शारजात पंपांच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या माणसाला हे वेड कशाला, असं माझी बायको शोभना विचारायची. कुसाबेच्या चित्रपटांतली माणसं फारसं बोलत नाहीत, नुसती वाट बघतात, आणि त्याचा कॅमेरा न हलता त्यांच्यासमोर बसून राहतो. घर सोडून आलेल्या माणसाला एवढं पुरतं.

राहिलेला अकरावा, म्हणजे खरं तर त्याचा पहिलाच चित्रपट, बाजारात कधी आलाच नाही. १९९६ साली आमचा जपानी इंजिनिअर मायदेशी परतताना टीव्हीवरून उतरवलेली कॅसेट मला देऊन गेला. वर पेन्सिलीने दोन जपानी अक्षरं. पुन्हा रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून कॅसेटच्या कडेची प्लॅस्टिकची पट्टी तोडायची असते. शुक्रवारी सुटीला निवांत बघताना तोडू, म्हणून मी ती ठेवून दिली. गाढवपणा!

बुधवारी आमचा स्टोअरकीपर तय्यब घरी आला. त्याची आई मैमुनाबी रत्नागिरीजवळच्या गावात. तिला वाचता येत नाही, म्हणून तो पत्राऐवजी व्हिडिओ कॅसेटवर बोलणं भरून रजेवर जाणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवायचा.

"वहिनी, एखादी कोरी कॅसेट असेल?"

माझ्या सगळ्या कॅसेटांवर मराठीत नावं असत. या एकीवर नव्हतं. शोभनाने तीच दिली.

मी घरी आल्यावर जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"मला काय जपानी येतं?" ती म्हणाली. खरंच होतं. पण मी दोन दिवस तोंड फुगवून बसलो. कॅसेट तोवर विमानात होती.

दोन महिन्यांनी तय्यब ती घेऊन आला. "साब, अम्माचा जवाब आलाय. तुमची अमानत. पण आधी एकदा बघू? आमच्या रूमवरचा व्हीसीआर खलास झालाय."

मी कॅसेट लावली. तय्यबने भरलेलं बोलणं संपलं तिथून मैमुनाबी सुरू झाली. अंगणात खुर्चीवर. "चालू झाला काय रे?" मग, "तय्यब, जेवतोस ना वेळेवर?" आणि गप्प. कॅमेरावाल्याने तो बंद केलाच नाही. ती आमच्याकडे बघत कितीतरी वेळ नुसती बसून राहिली. तय्यब रडत होता. कुसाबेला हे साधलं नसतं.

मग चित्र हललं. काळापांढरा समुद्र, एक म्हातारा, वर चढणारी जपानी अक्षरं. अर्धं मिनिट. संपलं.

तय्यब दचकला. "साब, यात पिच्चर होती? माझ्या हातून पुसली गेली?"

चहा घेऊन आलेली शोभना दारातच थांबली.

"नाही रे. कोरीच होती," मी म्हणालो.

मी कॅसेट बाहेर काढली, स्क्रूड्रायव्हरने कडेची पट्टी तोडली, लेबलवर मराठीत 'मैमुनाबी' लिहिलं आणि ती तय्यबच्या हातात दिली.