अकराव्या टेकवरची काट

शुक्रवारी रात्रीपर्यंत आठव्या गाण्याचे एकोणीस टेक झाले होते आणि त्यांतला एकही किमाच्या पसंतीला उतरला नव्हता. नोंदी माझ्याकडे होत्या. बास वाजवणाऱ्याची बोटं रिकामी असतात असं किमाचं मत, म्हणून वही माझ्या गळ्यात. टेक चार : डुकरांना खाणं घालायची वेळ. टेक सात : कुकर. टेक नऊ : किमाचं स्वतःचं नाक. टेक अकरा : पी थांगी.

नऊ दिवसांपूर्वी किमाच्या घराची पुढची खोली आम्ही ताब्यात घेतली होती. आळीतून मागून आणलेल्या चौदा गाद्या भिंतींना उभ्या केल्या, दाराला घोंगडी टांगली आणि गाणी रेकॉर्ड करायला बसलो. किमा गिटारवर, डिका ड्रमवर, नुनी गाणारी. खिडकी मात्र पूर्ण बंद होईना. घोंगडी लावली की डिकाला गुदमरायचं. खिडकीखाली, डोंगरउतारावर, पी थांगीच्या घराचं पत्र्याचं छप्पर, आणि छपराखाली एकोणऐंशी वर्षांची पी थांगी. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला पी म्हणतात, बाप्याला पू. तिचे कान विशीतले.

सात गाणी पार पडली. आठवं अडलं. सोमवारी सकाळी नुनी नर्सच्या नोकरीवर बंगळुरूला निघणार होती, दोन वर्षं तरी परत येणार नव्हती. रविवारी आमच्यात चर्चबाहेर कोणी गिटारला हात लावत नाही. म्हणजे हातात होता फक्त आजचा शनिवार. आणि किमाने अतिउत्साहात आठ गाण्यांची नावं छापलेली पोस्टर आधीच सगळ्या ऐझॉलभर डकवली होती.

"परत," किमा म्हणाला.

"माझ्या घशाला आता नोकरी लागायच्या आधीच पेन्शन लागेल," नुनी म्हणाली.

"एकदाच."

"हे तू एकोणिसाव्यांदा म्हणतोयस. माविया, वहीत बघ."

मी बघितलं. "सतराव्यांदा. दोनदा नुसता हात हलवला होता."

किमाने हात हलवला. नुनीने श्वास घेतला, आणि तेवढ्यात तरुण मंडळाचा भोंगा वाजला.

एरवी भोंग्यावर पाण्याची वेळ सांगतात, कुणाचं हरवलेलं पाकीट सांगतात. पण बोलण्याआधी भोंग्यावरचा माणूस घसा साफ करून थांबला की आळीतल्या प्रत्येकाला कळतं. पी थांगी पहाटे झोपेतच गेली होती. पोरांनी कुदळी-फावडी घेऊन यावं, पोरींनी चहाला यावं.

डिकाने काठ्या खाली ठेवल्या. मी चपला शोधू लागलो. किमा मात्र तसाच उभा. मग हळूच म्हणाला, "गाद्या आहेत. खिडकी लावून घेऊ. ड्रम नको, गिटार नको, नुसता आवाज. अर्ध्या तासात होईल. कुणाला कळणार?"

आमच्याकडे मयत झाली की आळीत साधा रेडिओसुद्धा लावत नाहीत. हे किमाला माहीत नव्हतं असं नाही. त्याच्याच बापाच्या वेळी सगळी आळी तीन दिवस त्याच्या ओट्यावर बसून होती.

नुनीने हेडफोन काढून त्याच्या गळ्यात अडकवला. "तिच्या छपरावर उभं राहून गाऊ का? म्हणजे तिलाही नीट ऐकू येईल." आणि ती चहा करायला निघून गेली.

किमा तरीही माईक पुसत बसला होता. मग मंडळाचा चिटणीस पू बियाका चार पोरं घेऊन दारात आला. "गावाकडचे नातेवाईक येतायत. गाद्या लागतील. इथे चौदा आहेत म्हणे."

पाच मिनिटांत खोली उघडीबोडकी झाली. किमाने टाळी वाजवून बघितली. घुमली. "संपलं," तो म्हणाला, आणि आमच्याबरोबर कबर खोदायला आला. खोदतानासुद्धा त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दोनदा माझ्या पायावर फावडं घातलं.

रविवारी दुपारी तो माझ्या घरी आला. रात्रभर कानाला हेडफोन लावून बसलेला चेहरा.

"अकरावा टेक मी तुला पुसायला सांगितला होता."

"काट मारलीय," मी वही दाखवली.

"वहीत मारलीस. लॅपटॉपमध्ये तसाच आहे."

"कंटाळा केला. आता पुसतो."

"हात लावलास तर बघ!" त्याने हेडफोन माझ्या कानावर दाबला.

दहा टेक तेच तेच ऐकून पी थांगीला गाणं आमच्यापेक्षा चांगलं पाठ झालं होतं. पहिल्या कडव्यानंतर खालून तिचा खणखणीत आवाज येतो, "अगं पोरी, ओढ! ओढ तो सूर, तोडू नकोस!" नुनीला हसू फुटायला येतं, ती ते गिळते आणि सूर ओढते. असा ओढते की त्यानंतरच्या आठ टेकमध्ये तिला तो पुन्हा सापडला नाही. ध्रुपदाला म्हातारी खालून साथ देते. शेवटी खोकते.

"पू ह्रांगाला विचारावं लागेल," मी म्हणालो.

पी थांगीचा मुलगा पू ह्रांगा लाकडाच्या वखारीवर करवत चालवतो. मयताच्या घरी बाकांवर माणसं दाटून बसली होती. आम्ही त्याला कोपऱ्यात नेलं आणि हेडफोन दिला. तो ऐकत राहिला. चेहऱ्यावर काही नाही. किमा या पायावरून त्या पायावर.

"परत लाव," पू ह्रांगा म्हणाला.

परत लावलं. मग त्याने हेडफोन बहिणीला दिला, बहिणीने मावशीला. बिनदुधाच्या चहाचे पेले एका बाजूने फिरत होते, हेडफोन दुसऱ्या बाजूने. तेवीस जणांनी ऐकलं, मी मोजले. चोविसावी नुनी, चहाची किटली हातात घेऊन. ऐकता ऐकता तिने गरम चहा डिकाच्या गुडघ्यावर ओतला.

"गाण्यात ठेवू का?" किमाने विचारलं.

"करवत चालवतानासुद्धा मला हेच सांगायची. ओढ, तोडू नकोस," पू ह्रांगा म्हणाला. "ठेव. पण तिचा आवाज बारीक केलास तर याद राख. खोकला पण राहू दे."

मी वहीतली काट खोडली. खोडलेली काट कशी दिसते ते विचारू नका, पान फाटलं.

सोमवारी सकाळी सुमोच्या थांब्यावर नुनी पुढच्या सीटवर बसली होती. किमाने खिडकीत डोकं घातलं.

"तिसऱ्या गाण्यात तुझा श्वास फार ऐकू येतो गं. अजून वीस मिनिटं आहेत. एकदाच..."

"किमा, माझी ट्रंक टपावर बांधलीय. वर चढून गाऊ?"

किमाने टपाकडे पाहिलं. खरंच पाहिलं.