धुळ्यातला झेब्रा

मी धुळ्यातला झेब्रा बोलतोय. घाबरू नका, चार पायांचा नाही. डांबरावर आडवा पडलेला, पांढऱ्या पट्ट्यांचा.

दोन माणसांनी दोरी ताणून मला रंगवलं आणि रंग वाळेपर्यंत म्हशी हाकलल्या. माझा मान काय तो तेवढाच. पुढचा अर्धा रंगवायच्या आतच रस्त्याच्या मधोमध दुभाजक आला. पलीकडे जायची फट मात्र ठेवली रसवंतीपाशी, माझ्यासमोर नाही. त्यामुळे मी अर्ध्यात जाऊन भिंतीला डोकं टेकतो. माणसं तिकडून जातात, माझ्यावर रिक्षा उभ्या राहतात.

दिपमाला पिंपळनेरची, नवीच नवरी. पलीकडे टॅलीच्या क्लासला जायची. नवरा कुंदन पुढे चालायचा, हात दाखवून गाड्या थांबवायचा, ही मागून. आता त्याची बदली जळगावला झाली. सासू ताईबाईंनी एकच सांगितलं, "एकलीले रस्ता पार करता येस तर जाय. नही तर घर बस." आणि बघायला स्वतः रिक्षात येऊन बसल्या.

सासूदेखत परक्या गाडीवाल्यांना हात कसा दाखवायचा? दिपमाला माझ्या कडेला थिजली. शेजारी तिची मैत्रीण अफरीन. भीती घालवायला ती माझ्या नावाचं सांगू लागली. इंग्लंडात असे काळेपांढरे पट्टे आखले, ते झेब्र्याच्या अंगासारखे दिसले, तेच नाव चिकटलं.

"तिथं गाड्या थांबतात?"

"थांबतात म्हणे."

"मग आपण नुसतं नावच आणलं," दिपमाला हळूच म्हणाली.

रोज कुंदनच्या पाठीकडे बघत गेलेली, फट कुठे ते ध्यानात नव्हतं; शाळेत शिकवल्याप्रमाणे ती माझ्यावरूनच निघाली. दुभाजकाशी अडकली, परत फिरली. ताईबाईंनी नाक मुरडलं. मग मात्र ती तडक रसवंतीकडे गेली. पदर खोचला आणि हिरव्या चुड्याचा हात केळीच्या ट्रकपुढे उभा धरला. ट्रक करकचून थांबला. ती पलीकडे पोचली.

"चाल भाऊ, घर ले," ताईबाई रिक्षावाल्याला म्हणाल्या.

"आन त्या?"

"येई ती एकली."

तेव्हापासून ती रोज तिकडूनच जाते. तिचं बरोबरच आहे.

परवा अफरीन कुणाला तरी सांगत होती, खरे झेब्रे कळपानं राहतात. मी ऐकून घेतलं. टायरांखाली माझे पट्टे विरत चाललेत. पुरता पुसला जाण्याआधी भिंतीत एक फट पाडा. माणसांना पलीकडे न्यायला जन्मलो, पण पलीकडची बाजू मी अजून पाहिलेली नाही.